अभ्यासदौऱ्याच्या अहवालात काय नसतं

बदलापूरच्या एका ज्युनिअरने त्याच्या कॉलेजच्या परदेश अभ्यासदौऱ्याचा अहवाल मला वाचायला पाठवला. इंग्लंड, आठ दिवस, विषय ‘साहित्यिक आणि ऐतिहासिक स्थळं’. त्याला एवढंच विचारायचं होतं, की पीएचडीच्या मुलाखतीत हा अनुभव संशोधनाचा म्हणून सांगता येईल का. नाव-कॉलेज न सांगता इथे लिहायला त्याची हरकत नाही. असे अहवाल मी याआधीही पाहिलेत आणि ते साधारण सारखेच असतात, त्यामुळे हे त्याच्या एकट्याबद्दल नाही.

अहवाल वाईट नाही. भाषा स्वच्छ आहे, फोटोंखाली तारखा आहेत, बसमधल्या गमतीही मोजक्याच आहेत. पण बावीस पानांत एकदाही ‘हे आपल्याला कसं कळलं?’ असा प्रश्न येत नाही. गाइडने सांगितलं ते वहीत उतरलं, वहीतलं अहवालात आलं. लॅबमध्ये कुणी रीडिंग आणलं तर आपण पहिल्यांदा विचारतो, कॅलिब्रेशन कधी केलं होतंस? इथे ते विचारणारं कुणीच नव्हतं.

स्ट्रॅटफर्डचं पान घ्या. वाक्य आहे : ‘शेक्सपिअरचा जन्म २३ एप्रिल १५६४ रोजी याच खोलीत झाला.’ या एका वाक्यात तीन दावे आहेत आणि तिघांचं वजन वेगवेगळं आहे. १५६४ हे वर्ष पक्कं, कारण तिथल्या चर्चच्या नोंदवहीत २६ एप्रिल १५६४ ला त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. २३ तारीख मात्र अंदाज. मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत बाप्तिस्मा करायची पद्धत होती, म्हणून तीनेक दिवस मागे मोजले. शिवाय तो वारला २३ एप्रिललाच, १६१६ मध्ये, त्यामुळे जन्मही त्याच दिवशी धरणं लोकांना आवडलं. आणि ‘याच खोलीत’ ही निव्वळ परंपरा.

मग घराला काहीच पुरावा नाही का? आहे, आणि भारी आहे. १५५२ साली शेक्सपिअरच्या वडिलांना हेन्ली स्ट्रीटवर उकिरडा केल्याबद्दल दंड झाला, त्याची नोंद शिल्लक आहे. म्हणजे बाप त्या रस्त्यावर राहत होता हे आपल्याला नगरपालिकेच्या पावतीसारख्या कागदावरून कळतं, कवितेवरून नाही. मला स्वतःला हा उकिरडा त्या खोलीपेक्षा जास्त आवडतो. अहवालात तो नाही. १८४७ मध्ये हे घर वर्गणी काढून विकत घेतलं, पुढच्या वर्षांत आगीच्या भीतीने शेजारची घरं पाडली आणि अठराव्या शतकातल्या एका चित्राच्या आधाराने त्याची डागडुजी केली, हेही नाही. ज्युनिअरने ज्याचा फोटो काढला ते घर बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातल्या लोकांच्या मनातलं सोळावं शतक आहे. हे कळल्यावर घराची किंमत कमी होत नाही. उलट प्रकल्पाला विषय मिळतो : एकोणिसाव्या शतकात त्यांना असं घर का हवं होतं?

हे ‘तिकडचं’ वाटत असेल तर घराजवळ या. अंबरनाथच्या शिवमंदिराबद्दल आपल्या भागात कुणालाही विचारा, पांडवांनी एका रात्रीत बांधलं हे उत्तर येतं. उत्तरेकडच्या दारावर शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातला शक ७८२ असा वाचला, म्हणजे इ. स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेखाचा नव्याने ठसा घेऊन तोच आकडा ९८२ वाचला, म्हणजे इ. स. १०६०. फरक एका अंकाचा, पण देऊळ दोनशे वर्षं इकडे आलं. भगवानलाल हे भाऊ दाजींकडेच काम करत शिकलेले, हे लक्षात ठेवा. गाइडचं वाचन तपासायला विद्यार्थ्याने काय करावं लागतं, तर दगडापाशी परत जावं लागतं.

आणि दुसरी बाजू जुळते का तेही पाहावं लागतं. लेखात शिलाहार राजा मम्वाणीचं नाव आहे. त्याचा भाऊ छित्तराज याचा ताम्रपट भांडुपला सापडला, त्यावर शक ९४८, म्हणजे १०२६. ७८२ धरलं तर दोन भावांत दीडशेहून जास्त वर्षं पडतात. ९८२ नीट बसतं. सेंट्रल लाइनच्या दोन स्टेशनांवरचे दोन पुरावे एकमेकांना तपासतात. एवढा साधा धडा आठ दिवसांच्या इंग्लंडमध्ये कुठे मिळाला असता तर मी हा लेख लिहिलाच नसता.

१८६८ च्या सुमारास मुंबईच्या कलाशाळेतलं पथक याच देवळाशी आलं होतं. त्यांनी मोजमापं घेतली, रेखाटनं केली, शिल्पांचे साचे काढले. आज वालधुनीच्या काठावर उभं राहून एखाद्या शिल्पाची झीज किती झाली हे विचारायचं असेल, तर तुलनेला असंच जुनं काम लागतं. आमच्या दौऱ्यातल्या फोटोंत प्रत्येक कमानीसमोर पाच जण उभे आहेत, त्यामुळे कमान दिसत नाही. (हे मी चिडून नाही, हसून लिहितोय.)

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर मात्र वेगळं. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घेतलं. आपल्या पट्ट्यातला मुलगा तिथे जाऊन गप्प होतो, त्याला मी पर्यटन म्हणणार नाही; तिथे चाळीस मिनिटं नुसतं बसला तरी चालेल. पण संशोधनाची तयारी म्हणून विचाराल, तर त्या विद्यार्थ्याचा माग घरापेक्षा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या कागदांत जास्त लागतो. १९१६ ला प्रवेश, शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने परत, १९२० ला पुन्हा लंडन, १९२३ ला डी.एस्सी. आणि त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक. दौऱ्यात त्या संस्थेसमोरून बस गेली, एवढाच उल्लेख आहे.

खर्चाबद्दल बोलायलाच हवं. असे दौरे लाखाच्या घरात जातात, आणि आपल्याकडे तो लाख कुणाच्या तरी पीएफमधून किंवा सोन्यावरच्या कर्जातून येतो. म्हणून ‘एक्स्पोजर मिळतं’ हे उत्तर मला पुरत नाही. आठ दिवसांत अकरा ठिकाणं ठेवणाऱ्याने विद्यार्थ्याला प्रश्न पडायला वेळच ठेवलेला नाही. चार ठिकाणं, जायच्या आधी प्रत्येक ठिकाणाबद्दल एक शंका लिहून घ्यायची, अभिलेखागाराला महिनाभर आधी ईमेल, फोटोत मापासाठी एखादं नाणं, आणि अहवालात ‘काय पाहता आलं नाही’ असं एक पान. इतकं केलं तर मुलाखतीत हा दौरा बेलाशक सांगा. नाही केलं, तर छंदांच्या रकान्यात ‘प्रवास’ लिहा. त्यातही काही कमीपणा नाही.

आणि एक यादीबाहेरचं. उल्हासनगरच्या सिंधी घरांतल्या मुलांसाठी सगळ्यात जवळचं परदेशी साहित्यस्थळ म्हणजे सिंधमधलं भिट शाह, शाह अब्दुल लतीफ यांचा दर्गा. आजोबांना कविता पाठ असतात. मला दिसलेल्या एकाही दौऱ्याच्या पत्रकात ते नाव नव्हतं, आणि व्हिसाची स्थिती पाहता इतक्यात येणारही नाही. तिथे जाता येत नाही, पण त्या आजोबांना रेकॉर्ड करता येतं : कुठली ओळ कुणाकडून शिकले, कोणत्या गावात, फाळणीच्या आधी की कॅम्पात आल्यावर. फोनमध्ये रेकॉर्डर असतोच.