खपलेली छायाचित्रे

खपते ते चांगलेच, असे मानणारा एक पक्ष आपल्याकडे आहे आणि खपते ते टाकाऊच असणार, असे मानणारा दुसरा. कादंबऱ्यांच्या बाबतीत या दोघांचे भांडण कित्येक वर्षे सुखाने चालू आहे. त्यात मी पडत नाही. पण छायाचित्रांचा एक बाजार असा आहे की तेथे दोन्ही पक्षांची सारखीच फजिती होते. तो बाजार स्टॉक फोटोंचा.

लग्नामुंजीच्या छायाचित्रकाराला निदान कोणी बोलावलेले असते. स्टॉक फोटो काढणाऱ्याला बहुधा कोणीच बोलावलेले नसते. तो आपल्या मनानेच सफरचंद खाणारी मुलगी, हस्तांदोलन करणारे दोन गृहस्थ, पावसातली छत्री असली चित्रे काढतो आणि एखाद्या पेढीकडे ठेवून देतो. पुढे केव्हातरी एखाद्या बँकेला किंवा मासिकाला त्यातले एक हवेसे वाटते. वापरण्याच्या परवानगीचे पैसे येतात, पेढी आपला वाटा कापून घेते, उरले ते छायाचित्रकाराचे. जॉन ओरिंगर याने २००३ साली 'शटरस्टॉक' ही पेढी काढली, तेव्हा स्वतः टिपलेली ३०,००० छायाचित्रे तीत घातली होती. एवढे मोठे जाळे टाकावे लागते, कारण मासा कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते!

आता या बाजारातले सर्वांत प्रसिद्ध चित्र घ्या. वाचकहो, ते तुम्ही पाहिलेले आहे. बँकेत, कचेरीत, गल्लीतल्या सायबर कॅफेत, संगणक सुरू होताच जी हिरवी टेकडी आणि निळे आकाश दिसे, ते हे चित्र. चार्ल्स ओ'रिअर हा 'नॅशनल जिऑग्राफिक'साठी वर्षानुवर्षे काम केलेला कसलेला छायाचित्रकार. १९९६ च्या जानेवारीत तो कॅलिफोर्नियात सोनोमा परगण्यातून प्रेयसीला भेटायला चालला होता. मुळांना लागणाऱ्या किडीमुळे तिथल्या द्राक्षवेली उपटून टाकल्या होत्या आणि पावसाने त्या जागी गवत माजले होते. त्याने गाडी थांबवली, काही छायाचित्रे घेतली आणि तो पुढे गेला. चित्र पेढीकडे पडून राहिले. मग मायक्रोसॉफ्टने त्याचे सगळे हक्क विकत घेतले आणि २००१ साली ते 'विंडोज एक्सपी'बरोबर जगभर गेले.

समीक्षक म्हणून विचाराल तर निसर्गचित्र या नात्याने मी त्याला फार वर चढवणार नाही. रंग सुरेख आहेत, टेकडीची रेषा डौलदार आहे. पण माणूस नाही, घर नाही, झाड नाही, नजर रेंगाळावी असे काही नाही. आणि विकत घेणाऱ्याला नेमके तेच हवे होते. त्याला त्या चित्रावर आपली छोटी छोटी चिन्हे मांडायची होती. सारवलेले अंगण रांगोळीला सोयीचे, तसे हे चित्र.

मग नियम सापडला म्हणायचा का? मोकळी जागा ठेवा म्हणजे चित्र खपते? मोकळ्या टेकड्यांची असंख्य छायाचित्रे त्याच पेढ्यांत धूळ खात आहेत. आणि दुसरीकडे स्पेनच्या आंतोनियो गियेम याचे २०१५ सालचे चित्र पाहा. प्रेयसीचा हात धरून चाललेला तरुण मान वळवून दुसऱ्याच मुलीकडे पाहतो आहे आणि प्रेयसीचा चेहरा संतापाने फुलला आहे. यात मोकळी जागा कुठली? गोष्ट पुरती सांगून झाली आहे, तीही आपल्या वगातल्या सोंगाड्याला शोभेल इतक्या ढोबळपणे. पण २०१७ साली लोकांनी त्या तिघांवर वाटेल ती नावे लिहून त्याचे मीम केले आणि चित्र घरोघर पोचले. गंमत अशी की विक्रीत मात्र ते मागेच होते. आपली दुसरी चित्रे याहून कितीतरी अधिक विकली जातात, असे गियेमनेच सांगितले. म्हणजे गाजलेले चित्रही खपेलच असे नाही.

माझ्या मनात घर केले आहे ते मात्र आंद्राश आरातो या हंगेरियन विद्युत-अभियंत्याच्या चित्रांनी. छायाचित्रकाराने त्यांना कधी डॉक्टर केले, कधी हातात कॉफीचा पेला दिला. सर्वत्र हसू एकच. ओठ हसतात, डोळे हसत नाहीत. कसबाच्या दृष्टीने ही उणीवच. नवशिक्या नटाला आपण त्याबद्दल झोडपू. पण लोकांना त्या चेहऱ्यात दुःख गिळून हसणारा माणूस दिसला आणि त्यांनी त्याचे नाव 'हॅरॉल्ड' ठेवले. आरातोंना हे प्रथम अजिबात रुचले नाही. नंतर त्यांनी ते पत्करले, लोकांपुढे येऊन बोलूही लागले.

या चित्रांत चांगले-वाईट मला सांगता येते आणि ते सांगणे मी सोडणार नाही. पण कोणते विकले जाईल हे सांगता येत नाही, कारण घेणाऱ्याची गरज चित्र काढून झाल्यावर जन्माला येते. ओ'रिअरने गवत टिपले तेव्हा 'विंडोज एक्सपी' अस्तित्वातच नव्हते. म्हणून त्याला द्रष्टा म्हणणे जितके चुकीचे, तितकेच नुसता नशीबवान म्हणणेही. प्रेयसी वाट पाहत असताना ज्याने गाडी थांबवली, त्याच्या नजरेचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. दोनचार वर्षे उशिराने कोणी तेथे थांबला असता, तर त्याला ते गवत सापडले नसते. टेकडीवर पुन्हा द्राक्षे लावली गेली.