तेल बोलायचं थांबलं की

माक्याच्या तेलाची कृती आईने कधी लिहून ठेवली नाही. ती तोंडानेच सांगते, आणि दर वेळी जवळजवळ त्याच शब्दांत. "माका मुळासकट उपट. माती जाईपर्यंत धू, मग सावलीत पसरून वरचं पाणी सुकू दे. वाटून रस काढ, आणि काळा पडायच्या आत तेलात घाल. जितकं खोबरेल तितका रस. चार जास्वंदी टाक, कढीलिंब टाक. आच मंद. तेल बोलायचं थांबलं की उतरव. मग गव्हला कचोरा, वाळा. फडकं कोरडं घे. बाटली उजेडात ठेवू नकोस. न्हायच्या आदल्या रात्री, कोमट करून, टाळूला. स्वतः लावू नकोस, लावून घे."

कवितेचं करतात तसं या कृतीचं रसग्रहण करावं असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे. पहिली गोष्ट नजरेत भरते ती तिच्यात जे नाही ती. या सबंध कृतीत केसांचं वर्णनच नाही. काळेभोर, लांबसडक, दाट हे बाटल्यांच्या वेष्टनांवरचे सगळे शब्द इथे गैरहजर आहेत. काय कर आणि केव्हा कर, एवढंच ती सांगते. कशाने काय होईल याबद्दल एक अक्षर नाही. या संयमावर माझा फार जीव आहे. तेलाकडून ती जे मागते ते तेल देऊ शकतं; बाकीचं ती मागतच नाही.

सुरुवात माक्याने होते आणि तेही बरोबर आहे, कारण माका हाताशी असेल तेव्हाच हे तेल होतं. कोकणात पावसाळ्यात भाताच्या बांधावर, पाटाच्या कडेला, ओल टिकेल तिथे तो आपोआप उगवतो. सूर्यफुलाच्या कुळातली ही वनस्पती. शास्त्रीय नाव एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. पानं अरुंद आणि खरखरीत, फुलं पांढरी, शर्टाच्या बटणाएवढी. भाद्रपदात श्राद्धासाठी माक्याची पानं लागतात, तेव्हा मुलांना बांधावर पिटाळलं जातं. त्याच फेरीत तेलासाठीही भारा येतो. तेल तयार होऊन बाटलीत मुरतं आणि आश्विनात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाच्या वाटीत उतरतं. पितरांचा पंधरवडा आणि दिवाळीची आंघोळ एकाच रोपाने जोडलेली आहे, हे मला मोठं सुंदर वाटतं.

"काळा पडायच्या आत." माक्याचं पान बोटांत चुरगळलं की रस आधी हिरवा दिसतो आणि हवा लागताच बघता बघता काळा होतो. बोटांना लागलेला डाग सहज जात नाही. हा काळा रंग पाहूनच माणसाने माक्याचं नातं केसांशी जोडलं असावं, असा माझा तर्क आहे. गंमत अशी की तो रंग तेलात येतच नाही. तेल उतरतं गर्द हिरवं. पानातलं हरितद्रव्य स्निग्धात विरघळतं, ते तेलात जातं. काळेपण चोथ्यातच राहतं. आई काळा पडायच्या आत रस घालायला सांगते तेव्हा तिला ताजा रस हवा असतो, रंगाची आशा तिला नाही.

आणि आता ते वाक्य. "तेल बोलायचं थांबलं की उतरव." साऱ्या कृतीचा प्राण इथे आहे.

तेल आणि रस कढईत एकत्र आले की काय घडतं ते पाहण्यापेक्षा ऐकावं. रस जड, तो तेलाखाली तळाशी बसतो. तापतो, त्याची वाफ होते आणि ती वाफ तेल फोडत वर येते. आधी नुसती खदखद, फेसाने भरलेली, भातासारखी उतू जाऊ पाहणारी. मग फेस बसतो आणि आवाज मोकळा होतो, सरसरता. मग तडतड, आधी दाट, मग विरळ, मग एखाददुसरा टपोरा. आणि मग काहीच नाही. घड्याळ लावून हे कळत नाही, कारण रसात पाणी किती, कढई किती रुंद, आच किती, यावर वेळ बदलत जातो. आवाज मात्र चुकत नाही. तो पाण्याचाच आवाज आहे. पाणी संपलं की तो संपतो.

या शांततेचं मोल कळायला आतलं कारण ध्यानात घ्यावं लागतं. कढईत पाणी आहे तोवर आतली उष्णता 100 अंश सेल्सिअसच्या फार पुढे सरकत नाही, कारण शेगडीची सारी ताकद पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. तोवर पान जळू शकत नाही. पाणी गेलं की अडवायला कोणी उरत नाही. तेल झपाट्याने तापतं आणि काही मिनिटांत चोथा करपतो. लवकर उतरवलं तर राहिलेल्या पाण्याने बाटलीत बुरशी धरते, तेल खवट होतं. उशिरा उतरवलं तर जळका वास लागतो, आणि तो कशानेही जात नाही. या दोन चुकांच्या मधली जागा अगदी चिंचोळी आहे, आणि तिची खूण आईने एका क्रियापदात बांधली आहे. "मंद आच" हे शब्द त्याच्या आधी का येतात तेही आता कळतं. आच मोठी असेल तर ही चिंचोळी जागा आणखी आवळते.

आईने शार्ङ्गधर वाचलेला नाही. तेरा-चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यम खंडात औषधी तेलं-तुपं सिद्ध करण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात प्रमाण दिलं आहे: कल्क म्हणजे वाटलेली वनस्पती 1 भाग, स्नेह म्हणजे तेल किंवा तूप 4 भाग, द्रव 16 भाग. सिद्ध झाल्याच्या खुणाही दिल्या आहेत. कल्क बोटांत वळला तर त्याची वात व्हावी. तो विस्तवात टाकला तर आवाज होऊ नये. तेलावर फेस यावा, आणि तूप असेल तर फेस मोडावा. विस्तवात टाकून ऐकणं आणि कढईशी उभं राहून ऐकणं, दोन्हीत परीक्षा पाण्याचीच आहे. ग्रंथातली एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. तिथे पाक मृदू, मध्यम आणि खर असे तीन सांगितले आहेत, आणि अंगाला चोळायच्या तेलासाठी खर पाक योग्य मानला आहे. आमच्याकडे उतरवायच्या वेळी पान चिमटीत धरून पाहतात. ते कुरकुरलं पाहिजे. हा खर पाकच झाला.

प्रमाणात मात्र आई ग्रंथापासून दूर आहे. तेलाच्या चौपट द्रव आटवायचा म्हणजे दिवसाचं काम. तिने ते बरोबरीवर आणलं. घरच्या चुलीला आणि घरच्या बाईच्या दिवसाला झेपेल असा हा संक्षेप आहे, आणि मला तो मान्य आहे.

सगळ्याच ओळी इतक्या घट्ट नाहीत, हेही सांगायला हवं. "चार जास्वंदी टाक" ही ओळ मला सैल वाटते. जास्वंदीचा लाल रंग पाण्यात विरघळणारा आहे, तेलाला तो रंगवत नाही. तिचा बुळबुळीतपणाही पाण्यातलाच. म्हणून जास्वंदीची पानं वाटून केस धुतात तेव्हा केस खरोखर मऊ लागतात. तिथे तिचं काम चोख आहे. तेलात तिच्यापासून काय उतरतं, मला फारसं काही दिसत नाही. अनेक घरी आवळा घालतात, त्याचंही असंच. आवळ्यातलं क जीवनसत्त्व पाण्याचं सोबती, तेलात ते येत नाही. याउलट रतनजोत टाकलं तर तेल लालभडक होतं, कारण तिच्या मुळातला रंग स्निग्धात विरघळतो. तरीही आईची कृती सांगताना मी जास्वंद गाळत नाही. कढईत हिरव्यावर लाल पाकळ्या पडतात ते दृश्य तिला हवं असतं, आणि तेवढं कारण मला पुरतं.

गव्हला कचोरा आणि वाळा येतात ते कढई उतरवल्यानंतर. या क्रमाला मी दाद देते. सुगंधाची द्रव्यं उडून जाणारी. उकळत्या कढईत टाकली तर वास स्वयंपाकघरभर होईल आणि बाटलीत काही उरणार नाही. कढत पण न उकळणाऱ्या तेलात ती सावकाश मुरतात. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेल्या त्या पुड्यांत दिवाळीच्या उटण्याचाच वास असतो. कढीलिंब मात्र आधी का, असं कोणी विचारेल. पण ओलं पान शेवटी टाकलं तर जे पाणी घालवायला एवढा खटाटोप केला तेच पुन्हा आत यायचं.

"फडकं कोरडं" ही पाण्याचीच शेवटची धास्ती. "बाटली उजेडात ठेवू नकोस" हे मात्र वेगळं, आणि फार बारीक आहे. नुसत्या खोबरेलात संपृक्त स्निग्धाम्लं सुमारे 90 टक्के, त्यामुळे ते सहजासहजी खवट होत नाही. पण या तेलात हरितद्रव्य आहे, आणि उजेडात हरितद्रव्यच तेल बिघडवण्याला हातभार लावतं. हिरव्या तेलाला अंधार लागतो. आई ते फडताळात खालच्या खणात ठेवते. पुण्याच्या थंडीत, पारा चोवीस-पंचवीस अंशांखाली गेला की, ते थिजतं. परदेशी गेलेल्या भाचरांकडे तर ते वर्षातला बराच काळ हिरव्या मेणासारखंच असतं. म्हणून "कोमट करून". वाटी गरम पाण्यात ठेवली की काम होतं, तेल पुन्हा विस्तवावर न्यावं लागत नाही.

"न्हायच्या आदल्या रात्री" या शब्दांना प्रयोगशाळेतून पाठिंबा मिळाला तो 2003 साली. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या रेळे आणि मोहिले यांनी 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना छापली. धुण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसातल्या प्रथिनांची झीज कमी झाली. बाकी दोन तेलांनी ती कमी झाली नाही. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे ध्यानात ठेवूनच तो निबंध वाचायचा, पण कारण पटण्याजोगं आहे. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल. त्याचा रेणू लहान आणि सरळ, तो केसाच्या आत शिरू शकतो. पाण्याने केस फुगतो, वाळताना आकसतो, आणि या ओढाताणीत त्याची वरची खवली उचकटतात. आधीच आत बसलेलं तेल पाण्याला कमी जागा देतं. नहाणीघरात जायच्या आधीची रात्र ही म्हणून तेलाची खरी वेळ आहे.

"टाळूला" या शब्दापाशी मात्र मी आईशी वाद घालते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक म्हणजे पाच-सहा वर्षांपूर्वीचा केस. तेवढी उन्हं, तेवढी न्हाणी, तेवढ्या फण्या त्याने सोसलेल्या असतात. तेलाची भूक टोकाला जास्त आहे. टाळूला कोंडा असेल तर तिथे तेल थापणं उलट त्रासाचंच, कारण कोंड्यात हात असलेली मालासेझिया ही बुरशी स्निग्धावरच जगते. आणि केस उगवण्याचं म्हणाल, तर माक्याच्या अर्काचे उंदरांवर प्रयोग झाले आहेत. तेवढ्यावर माणसाच्या टकलाला वचन देणं मला जमणार नाही. आईनेही ते दिलेलं नाही, हे पुन्हा सांगते.

तरी टाळू तिला का हवी, ते शेवटच्या शब्दांत कळतं. "लावून घे." टोकांना तेल आपलं आपल्याला लावता येतं. टाळूला दुसऱ्याची बोटं लागतात. एक जण पाटावर, एक मागे खुर्चीवर. भांग पाडत पाडत तेल मुरवायचं, कानामागे, मानेच्या खळग्यात. दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात, म्हणून परीक्षेतला नापास विषय, सासरचं बोलणं, डॉक्टरांनी सांगितलेलं असं बरंच काही याच वेळी बाहेर येतं. आमच्या घरात तरी आलं आहे. तेलाच्या गुणांचा हिशेब करताना हे कुठे मांडायचं ते मला ठाऊक नाही, पण कृतीत त्याला जागा दिली आहे, आणि तीही शेवटची.

या कृतीला अलीकडे एक पाठभेद मिळाला आहे. पुण्यात राहणाऱ्या भाचीच्या घरी गॅस नाही, इंडक्शनची शेगडी आहे. तिने फोन केला: "आज्जी, तेल बोलतं, थांबतं, परत बोलतं. उतरवू कधी?" कमी आचेवर तिची ती शेगडी मंद राहत नाही, काही सेकंद चालू होते, काही सेकंद बंद, आणि बंद झाली की तेल गप्प होतं. आईने तिला फोन कढईजवळ धरायला सांगितला, थोडा वेळ ऐकलं, आणि म्हणाली, "मग कानावर जाऊ नकोस. झाऱ्याने पान बाहेर काढ, गार होऊ दे आणि चुरून बघ. कुरकुरलं की बंद कर." आता कृती सांगताना ती आधी विचारते, तुझ्याकडे गॅस आहे की ते दुसरं.