चाळीचे गोडवे कोण गातो?

सध्या जो तो चाळीवर रडतो आहे. चाळी पडताहेत, टॉवर उठताहेत, आणि रविवारच्या पुरवणीत कोणीतरी प्राध्यापक नाहीतर आर्किटेक्ट डोळे पुसतो आहे. गेली ती गॅलरी, गेला तो कट्टा, गेला तो शेजारधर्म. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की चाळीची बांधणीच अशी होती की माणसाला माणूस भेटायचाच. उघडी दारे, लांब गॅलरी, मधले अंगण, सामायिक नळ. टॉवर माणसाला कोंडतो. म्हणून नव्या वस्त्यांत पुन्हा कट्टे बांधा, अंगण सोडा, गॅलऱ्या काढा. समाज आपोआप जुळेल.

ह्या 'आपोआप'शी माझे भांडण आहे.

ह्या गोडव्यांचे सर्वात लाडके पुस्तक पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ', १९५८ सालचे. खोटे कशाला बोलू, पाळीवरून येऊन वाचताना मीही पोट धरून हसलो. मग आडनावे मोजली. त्रिलोकेकर, पावशे, सोमण, गुप्ते, बर्वे. आपल्यातले एकही बिऱ्हाड मला सापडले नाही. पुलंनी काही लपवले असा माझा आरोप नाही. तसल्या चाळीत आपल्याला खोलीच मिळत नव्हती, तर पुस्तकात कुठून येणार? पण मग सांगा, तो शेजारधर्म गॅलरीने जुळवला, की आडनावांनी आधीच जुळलेला होता आणि गॅलरी फक्त खाली पसरली होती?

पाचच वर्षांनी, १९६३ ला, बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' आले. परगावी नोकरीला गेलेला आपला पोरगा. डोक्यावर छप्पर पाहिजे म्हणून जात सांगत नाही. कळल्यावर मार खातो. ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचा. घरबांधणीवर ह्याच्याइतका चांगला धडा मला कुठल्या जाड ग्रंथात मिळालेला नाही. एकात माणसे गॅलरीत भांडतात, दुसऱ्यात गॅलरीपर्यंत पोचण्याचेच भांडण आहे. पहिल्याला समीक्षक विनोदी वाङ्मय म्हणतात, दुसऱ्याला दलित वाङ्मय. शहराचे वाङ्मय दोन्ही आहे हे कोणी म्हणत नाही.

आता आपल्या चाळी घ्या. इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला २०७ चाळी उठवल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फूट. गोडव्यातली ती वाऱ्याची गॅलरी इथे नाहीच. मधून बोळ, दोन्ही अंगांना दहा दहा दारे, संडास सामायिक. साहेबाने ही बांधणी माणसे एकमेकांना भेटावीत म्हणून केली नव्हती, कमी जागेत जास्त कामगार मावावेत म्हणून केली होती. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत तर वरळीच्या चाळींत तुरुंग भरवला होता. भिंती त्याच, बोळ तोच, फक्त कडी बाहेरून.

आणि तरी ह्याच बोळांतून जलसे निघाले, व्यायामशाळा निघाल्या, तळमजल्याच्या खोल्यांत विहार झाले, बोळातल्या दिव्याखाली बसून पोरे मॅट्रिक झाली. म्हणजे नकाशा वाईट आणि समाज जिवंत. उलटही झाले. ५ जानेवारी १९७४. वरळीच्या आंबेडकर मैदानात पँथरची सभा, आणि तिथून पेटलेली दंगल. एकाच नमुन्याच्या चाळी, पण काही आपल्या, काही त्यांच्या. वर्षानुवर्षे एका नाक्यावरचा चहा प्यालेली माणसे गच्चीवरून दगड टाकत होती. १० तारखेला परळला मोर्चावर वरून दगड आला आणि भागवत जाधव गेले. बांधणीने शेजारी जुळतात म्हणणाऱ्याने ह्या आठवड्याचा हिशेब द्यावा.

माझी आजी नायगावच्या चाळीत नांदायला आली. सामायिक नळाचे कौतुक तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "नळ सगळ्यांचाच व्हता की. पर आमी घागर उचलली की त्या बाया नळाच्या तोंडाला राख लावून धुयाच्या. मंग भरायच्या." सामायिक संडासाच्या एकाही गोडव्यात रात्री बारा वाजता बादली घेऊन उभी राहिलेली बाई मला दिसलेली नाही. तीही असू द्या त्या आठवणींत.

मी सूतगिरणीत रिंगवर काम करतो, म्हणून एक गोष्ट मला लवकर कळली. वस्तू निरागस नसते. जुन्या सांच्यावर कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एवढ्याशा भोकावर अख्खे विणकाम खाते आपल्याला बंद होते. सवर्ण विणकऱ्याला आपला ओठ लागलेला धोटा चालत नव्हता. आपण सुताच्या खात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा पुढाऱ्यांना तो आडवळणाचा वाटला. खाते एक, छप्पर एक, भोंगा एक, मालक एक. एकत्र येण्याची ह्याहून चांगली सोय कुठला आर्किटेक्ट करणार होता?

सार्वजनिक जागेचे आपल्याकडचे सर्वात मोठे उदाहरण महाडचे आहे. मला नवल वाटते, नगररचनेवर बोलणारे त्याचे नाव घेत नाहीत. चवदार तळे होते, घाट होता, उतरायला पायऱ्या होत्या. १९२३ ला बोल्यांचा ठराव झाला : सरकारी पैशाचे पाणवठे सर्वांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनेही ठराव केला. बांधणी झाली, कायदा झाला. तरी तळे सार्वजनिक नव्हते. २० मार्च १९२७ ला आपली माणसे पायऱ्या उतरली आणि त्यांनी पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतरही त्यांनी तळे शेण-गोमूत्राने शुद्ध केले, कोर्टात गेले, आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ ला लागला. एका ओंजळीला दहा वर्षे. तेव्हा कागदावरच्या 'ओपन स्पेस'कडे मी जरा डोळे बारीक करूनच बघतो.

म्हणजे बांधणीला काही किंमत नाही का? आहे, आणि बाबासाहेबांना ती नीट माहीत होती. परळच्या बीआयटी चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत त्यांनी वर्षे काढली, तिथल्या गोंगाटात अभ्यास केला. मग दादरला राजगृह बांधले, त्यात ग्रंथांची जागा आधी धरली. जागेवाचून अभ्यास नाही हे ज्याने भोगले त्याला नकाशा वाचता येतो. वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृहही तसेच. तिथे कोणी कट्टा डिझाइन केला नव्हता. पण आत शिरताना आडनाव सांगावे लागत नव्हते, म्हणून रात्र रात्र बोलता येत होते. पँथरचे पुष्कळसे बोलणे तिथलेच.

मी आता राहतो ती सोसायटी नवी आहे, मी भाडेकरू. आवारात गुलमोहराखाली गोल ओटा, सुरेख, टेकायला पाठ असलेला. पहिल्या महिन्यात म्हातारे हाक मारायचे, ये, बस. गणपतीचा मांडव त्याच ओट्याला लागून दहा दिवस असतो. १४ एप्रिलला मी एक तासासाठी ओट्यावर बाबासाहेबांचा फोटो ठेवू का विचारले. चेअरमन अगदी गोड बोलले. "जागा सगळ्यांची आहे रे, इथे जातीपातीचे नको." त्या रात्री पाळी संपवून आलो तर फाटकावर वॉचमनच्या टेबलावर, नोंदवहीच्या मागे, बाबासाहेबांचा हाताएवढा फोटो आणि दोन झेंडूची फुले. तो काही बोलला नाही, खुर्ची सरकवून मला जागा केली. ज्या वहीत येणाऱ्याजाणाऱ्याचे आडनाव लिहून घेतात, तीच वही.

तेव्हा टॉवर येताहेत म्हणून मी रडणार नाही. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळीस मजली इमारत, मालकीचे घर, आत स्वतःचा संडास. शंभर वर्षे बोळात झोपलेल्यांनी ते घ्यावे आणि दाराला कडी लावून एकदा निवांत झोपावे. कोणाला गॅलरीची आठवण येत असेल तर त्याने १६० फुटांत राहून दाखवावे.

भांडायचे आहे ते दुसरीकडे. लिफ्टसमोरची जागा किती रुंद, तिथे उजेड येतो का, चार बाया दार उघडे टाकून तांदूळ निवडत बसू शकतील का. मैदान रस्त्याला लागून मोकळे राहणार, की मोटारींच्या पोडियमवर चढवून त्याला फाटक लावणार. तळमजल्याचा विहार आणि वाचनालय नकाशात नावानिशी आहे, की 'नंतर बघू' मध्ये. 'कम्युनिटी हॉल' असे नुसते लिहून भागत नाही. चावी कोणाकडे, भाडे किती, १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला तो कोणत्या नियमाने मिळणार, हे सोसायटीच्या पोटनियमांत आधी लिहून घ्यायचे. पोरांनो, मोर्चाची पत्रके आपण काढतोच, पण नकाशा वाचायला आपल्यातले किती जण बसतात? निळी रेघ कशाची, तुटक रेघ कशाची, हे मी एका सिव्हिलच्या दोस्ताकडून दोन रविवारांत शिकलो. अवघड नाही. ताणा वाचता येणाऱ्याला तर मुळीच नाही.

ओट्यासाठी पुढच्या १४ एप्रिलचा अर्ज मी आत्ताच दिला आहे. खाली सात घरांच्या सह्या आहेत, त्यातली चार घरे आपली नाहीत. पोच घेऊन ठेवली आहे.