परतीचा सूर

अमेरिकेत गाडी चालवताना रेडिओवर कंट्री संगीताचे एखादे स्टेशन लागले, की गाणाऱ्याच्या मागून एक रडवेला, ताणत नेलेला, जवळजवळ गळ्यासारखा सूर ऐकू येतो. आपल्यापैकी बहुतेकांनी 'व्हायोलिन आहे वाटतं' असे म्हणून तेवढ्यात स्टेशन बदललेले असते. ते व्हायोलिन नसते. ती पेडल स्टील गिटार असते. तिच्याविषयी आणि तिच्या मालकांविषयी मला थोडे तक्रारीच्या सुरात लिहायचे आहे. हाताने घडवलेली पेडल स्टील बाळगणारा माणूस तिच्याबद्दल बोलू लागला, की आपल्याकडच्या नव्या बापाची आठवण होते. नाक कोणासारखे, डोळे कोणासारखे, आणि बाकी जगात असे मूल झालेच नाही. कौतुकाला माझी हरकत नाही. हरकत एवढीच, की हे मालक भलत्याच गोष्टीचे कौतुक मोठ्याने करतात आणि खऱ्या गोष्टीचे हळू आवाजात.

आधी वाद्य काय आहे ते सांगतो. गिटार हे नाव विसरून चार पायांचे एक अरुंद टेबल डोळ्यांसमोर आणावे. वर दहा तारा, आणि मोठ्या वाद्यात दहा-दहा तारांचे दोन संच. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी, ती तारांवरून सरकवायची. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नख्या. खाली तीन ते आठ पेडल्स, ती डाव्या पायाने दाबायची. गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना लोंबणारे चार-पाच दांडे, ते गुडघ्याने ढकलायचे. उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलवर. थोडक्यात, वाजवणाऱ्याचा एकही अवयव मोकळा राहत नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे सरगमच्या भाषेत चटकन कळते. सर्वांत रूढ जुळणीत तारांवर सा, ग, प मिळालेले असतात. एक पेडल दाबले की प चढत चढत ध होतो. शेजारचे दाबले की ग चा म होतो. दोन्ही एकदम दाबली तर सा-ग-प चे सा-म-ध होते, आणि सा मात्र जागचा हलत नाही. म्हणजे तीन गायक एकत्र गात आहेत, एक स्थिर उभा आहे आणि दोघे मींड घेत वर सरकत आहेत. आपल्या संगीतात मींड आहे, पण ती एकट्या गळ्याची. पियानोत एकावेळी अनेक स्वर आहेत, पण मींड नाही. हार्मोनियमला मींड येत नाही हे, ज्या कारणांसाठी ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला बाहेर ठेवले, त्यांतले एक होते. पेडल स्टीलला दोन्ही जमते, आणि म्हणूनच आपल्या कानाला ती परकी वाटता वाटता ओळखीची वाटते. व्हॅन शिप्ले यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेली सिनेमाची गाणी ज्यांनी रेडिओवर ऐकली आहेत, त्यांना तर ती नात्यातलीच वाटेल. आणि ती आहेच. दोघींचेही मूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर जोसेफ केकुकू आणि त्याच्या काळच्या वादकांनी रुजवलेल्या, तारेवर लोखंड सरकवण्याच्या युक्तीत आहे.

कॅलिफोर्नियात पॉल बिग्सबी याने १९४८ साली स्पीडी वेस्ट या वादकासाठी पेडलवाले वाद्य घडवले. पण लोकांचे कान टवकारले ते १९५४ साली. वेब पीअर्सच्या एका गाजलेल्या गाण्यात बड आयझॅक्स याने तारा वाजत असतानाच पेडल दाबले आणि स्वर चढताना ऐकू आला. आधी पेडलचा उपयोग मुख्यतः दोन स्वरांच्या मध्ये गुपचूप जुळणी बदलण्यासाठी होत असे. आयझॅक्सने ते गुपित उघडे केले आणि तेच संगीत ठरले. मग नॅशव्हिलमध्ये शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी 'शो-बड' काढली. एमन्स पुढे त्यातून बाहेर पडला आणि १९६०च्या दशकात त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. फेंडरसारख्या मोठ्या कारखान्यानेही केबलवर चालणारी पेडल स्टील काढून पाहिली. पण हे वाद्य कारखान्याच्या पचनी कधी पडले नाही. गिऱ्हाईक थोडे, आणि त्यातल्या प्रत्येकाला पेडलची मांडणी वेगळी हवी. एमन्सची मांडणी डावीकडून उजवीकडे, तर जिमी डेची बरोबर उलटी. या मांडणीच्या तक्त्याला 'कोपेडंट' म्हणतात, आणि दोन वादकांचे कोपेडंट तंतोतंत जुळणे विरळाच. परिणामी आजही ही गिटार बहुतेक छोट्या शॉपमध्ये, दोन-चार माणसांच्या हातून, मागणीप्रमाणे तयार होते. किंमत कित्येक हजार डॉलर, आणि नाव झालेल्या कारागिराकडे रांग.

आता कौतुकाकडे येतो. मालकांच्या बोलण्यात पहिला मान 'टोन'चा. अमक्याचा टोन मधासारखा, तमक्याचा मलईसारखा. ऐकता ऐकता आपण वाद्यांच्या दुकानात आहोत की हलवायाच्या, असा प्रश्न पडावा. दुसरा मान लाकडाचा. मेपल, त्यातही 'बर्ड्‌स आय' मेपल, ज्यावर पक्ष्याच्या डोळ्यांसारखे ठिपके असतात. तिसरा वाद नेकचा, ॲल्युमिनियमचा बरा की लाकडाचा. चौथा पिकअपवरच्या तारेच्या वेढ्यांचा. आता ही विजेवर चालणारी गिटार आहे. तारेचे कंपन पिकअपमध्ये शिरल्यावर ते आवाजाच्या पेडलमधून, ॲम्प्लिफायरमधून आणि पंधरा इंची स्पीकरमधून बाहेर पडते. त्या प्रवासात लाकडावरचे ठिपके कुठे ऐकू येतात? ते शोभेचे आहेत, आणि शोभेचे म्हणून सुंदरही आहेत. मेपलचा खरा गुण त्याच्या ताठपणात आहे, आणि त्याविषयी मालक बोलतात ते अगदी शेवटी.

माझ्या मते या वाद्यातली कारागिरी जिथे पणाला लागते ती जागा ही: पेडल सोडल्यावर तार होती त्याच स्वरावर परत येते का? परतीचा विषय निघाला की आपल्या मंडळींना वेगळेच काही आठवते, पण तो वाद इथे नको. इथे प्रश्न निव्वळ यंत्राचा आहे. पेडलपासून एक सळई वर जाते, ती आडवा दांडा फिरवते, तो दुसऱ्या सळईला ओढतो, आणि ती सळई तार जिथे अडकवली आहे त्या धातूच्या बोटाला किंचित फिरवते. प्रत्येक सांध्यात थोडे घर्षण, थोडा सैलपणा. त्यामुळे तार वर चढून परत येते ती केसभर वेगळ्या जागी. इंजिनिअरिंग शिकलेल्यांना हा 'हिस्टेरेसिस' चांगला परिचयाचा असेल. त्यात भर म्हणजे, पेडल दाबले की तारांचा आणि सळयांचा जोर पूर्ण चौकटीवर येतो, चौकट अगदी सूक्ष्म वाकते आणि ज्या तारा हलायलाच नकोत त्या उतरतात. याला 'कॅबिनेट ड्रॉप' म्हणतात. मेपलचा ताठपणा इथे कामाला येतो.

हा उतार किती असतो? चांगल्या वाद्यात काही सेंट. सेंट म्हणजे एका अर्धस्वराचा शंभरावा भाग. एवढ्यासाठी एवढी चर्चा, असे वाटेल. पण पेडल स्टीलवाल्यांचा गंधार पाहा. पियानोचा गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा, आपल्या कानाला शांत वाटणारा गंधार ३८६ सेंटवर. या गिटारीवर स्वर लांबत राहतात, एकमेकांवर रेलून उभे असतात, म्हणून पियानोच्या गंधाराची खरखर इथे फार जाणवते. तेव्हा अनेक वादक गंधाराची तार मुद्दाम चौदा सेंटच्या आसपास उतरवून लावतात. काही जण मधला मार्ग काढतात, काही पियानोलाच धरून राहतात, आणि तिघांमध्ये भांडणे होतात. टेनेसी आणि टेक्सासमधली कंट्री वाजवणारी माणसे गंधाराच्या श्रुतीवरून हमरीतुमरीवर येतात ही गोष्ट मला विलक्षण आनंदाची वाटते. आणि जिथे हिशेब चौदा सेंटांचा आहे, तिथे चौकट वाकल्याने चार-पाच सेंट इकडेतिकडे झाले तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून म्हणतो, चांगल्या कारागिराचे यश हे काही न होण्यात आहे. पेडल शेकडो वेळा दाबून सोडले आणि काहीच बिघडले नाही. अशा यशाला विशेषण मिळत नाही, आणि कौतुक मधा-मलईकडे वळते.

माझ्या या मतावर एक आक्षेप आहे, आणि तो भक्कम आहे. सर्वांत जास्त भक्त ज्या वाद्याला लाभले ती एमन्सची जुनी 'पुश-पुल'. स्वर चढवताना ओढणारी आणि उतरवताना ढकलणारी तिची रचना जुळवायला कटकटीची म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यानंतर आलेल्या, दोन्ही कामे ओढून करणाऱ्या 'ऑल-पुल' रचना पुष्कळ सोयीच्या आहेत. मग लोक पुश-पुलसाठी का झुरतात? केवळ एमन्सचे वलय म्हणून? ते आहेच. पण जाणकार मालक एक कारण सांगतात ते मला पटते. पुश-पुलमध्ये पेडल न दाबलेल्या अवस्थेत तारेचे बोट थेट चौकटीला घट्ट टेकलेले असते. ऑल-पुलमध्ये त्या बोटाचे दोन भाग आणि त्यांना जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगा मध्ये येतात. कंपनाला कुठे किती वाट फुटते यावर स्वर किती वेळ टिकतो हे ठरते, तेव्हा फरक ऐकू येणे शक्य आहे. म्हणजे टोनचे सगळेच कौतुक हवेतले नाही. पण लक्षात घ्या, हे स्पष्टीकरणही लाकडाच्या ठिपक्यांपाशी जात नाही. ते पुन्हा जोडणीपाशीच येते.

आपल्याला हे नवे नाही. मिरजेच्या तंबोऱ्यांना आणि सतारींना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. घरी तंबोरा असणारा माणूस पाहुण्यांना आधी भोपळ्याचा घेर आणि वरची नक्षी दाखवतो. पण गवई तंबोरा निवडतो तो जवारीवरून, म्हणजे घोडीच्या माथ्यावर कारागिराने कानसीने काढलेल्या त्या न दिसणाऱ्या उतारावरून.

मालकांवर माझा खरा राग मात्र दुसऱ्या कारणासाठी आहे. त्यांचे कान १९६० आणि ७०च्या दशकातल्या नॅशव्हिलमध्ये अडकलेले आहेत. वाद्य नवे, पण त्यातून जुनाच सूर निघाला पाहिजे, आणि निघाला की धन्यता. एवढ्या क्षमतेचे यंत्र पन्नास वर्षे एकाच दुःखाची गाणी गात बसले आहे! १९७० साली 'टीच युअर चिल्ड्रन' या गाण्यात पेडल स्टील वाजवली ती जेरी गार्सियाने, जो या वाद्यात निष्णात मानला जात नव्हता. तरीही कंट्री न ऐकणाऱ्या लाखो लोकांच्या कानात पेडल स्टील बसली आहे ती त्याचीच. हाउस ऑफ गॉड या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये तर स्टील गिटारची स्वतंत्र परंपराच आहे. तिथे हे वाद्य रडत नाही, ते हाका मारते, ओरडते, लोकांना उठवून नाचवते. त्या परंपरेतल्या चक कॅम्पबेलला २००४ साली नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. बाहेरच्या बऱ्याच लोकांना या संगीताचा पत्ता लागला तो १९९७ साली त्याची रेकॉर्ड निघाल्यावर. आणि सुझन आल्कॉर्न. ही बाई टेक्सासमध्ये कंट्री बँडमध्ये वाजवून तयार झाली आणि मग सरळ पलीकडे निघून गेली. २०१५च्या 'सोलेदाद'मध्ये तिने पियाझोलाचे टँगो एकट्या पेडल स्टीलवर वाजवले आहेत. ते ऐकताना तिच्या वाद्यावर कोणाचा शिक्का होता हे विचारावेसेही वाटत नाही. २०२५च्या जानेवारीत ती गेली.

तरीही हे मालक नसते तर आल्कॉर्नच्या हातात वाद्य आले असते का, हाही प्रश्न आहेच. सुटे भाग सांभाळणारे, बंद पडलेल्या कंपनीची गिटार गॅरेजमध्ये उघडून तिच्या सळया मोजणारे, अनेक वर्षे लेबर डेच्या सुट्टीत सेंट लुईसच्या संमेलनाला साठ-सत्तर पौंडांचे ओझे वाहून नेणारे, हे लोक आहेत म्हणून छोटी शॉप चालतात. एखादा कारागीर म्हातारा झाला, त्याच्या मुलाने वेगळा धंदा धरला, की ती रचना तिथेच थांबते. मग तिचे काय बिघडते आणि कसे दुरुस्त करायचे हे फक्त मालकांच्या डोक्यात उरते.

तेव्हा, वाचकहो, ऑफिसातला एखादा सहकारी त्याची पेडल स्टील बघायला घरी बोलवेल तर जरूर जा. ठिपक्यांचे कौतुक करा, त्याला बरे वाटेल. मग त्याला म्हणा, सा-ग-प लाव आणि पहिली दोन पेडल्स दहा वेळा दाबून सोड. दहाव्या वेळी गंधार ऐका.