कीर्तीच्या कोलाहलाखाली

ओअ‍ॅसिसचे 'वंडरवॉल' वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे आपण क्षणभर निरखून पाहावे. गिटारच्या दुसऱ्या पडद्यावर कॅपोचा चिमटा बसवलेला असतो. अनामिका आणि करंगळी सर्वांत बारीक अशा दोन तारांवर एकदा टेकतात आणि कडवे सरत येईपर्यंत तिथून हलत नाहीत. हलतात त्या तर्जनी आणि मध्यमा, जाड तारांवर. स्वरमेळ बदलत जातात, परंतु त्या दोन तारांमधून तेच दोन स्वर तंबोऱ्याच्या जोडीसारखे अखंड झरत राहतात. आणि नवल असे की, खालचा आधारस्वर सरकला की वरचे हे अचल स्वरही आपल्याला पालटल्यासारखे वाटतात: मघाशी विषण्ण भासलेले आता आश्वासक होतात, पुढच्याच मात्रेत पुन्हा संदिग्ध. जगभरातल्या नवशिक्यांनी वाजवून वाजवून गुळगुळीत केलेल्या या गाण्यात आजही जी आर्तता उरली आहे, ती बरीचशी त्या दोन न हलणाऱ्या बोटांची देणगी आहे.

ब्रिटनमधल्या नव्वदीच्या रॉक बँडांचा, विशेषतः ओअ‍ॅसिस, ब्लर आणि पल्प या त्रयीचा, लौकिक खरा की फुगवलेला, हा वाद रसिकांमध्ये अजून शमलेला नाही. एक पक्ष म्हणतो, यांचे मोठेपण साठच्या दशकाकडून, बीटल्स आणि किंक्सकडून, उसने आणलेले आणि उरलेले वृत्तपत्रांनी वाढवलेले. दुसरा पक्ष नेबवर्थच्या मैदानाकडे बोट दाखवतो, जिथे १९९६च्या ऑगस्टमध्ये दोन रात्री मिळून ओअ‍ॅसिससमोर अडीच लाख माणसे उभी होती. मला दोन्ही युक्तिवाद गाण्याच्या उंबऱ्याबाहेर थांबलेले वाटतात. या बँडांचा लौकिक मला खराच वाटतो. मात्र त्याचा पुरावा गर्दीत शोधण्यापेक्षा कारागिरीत शोधावा, आणि त्यासाठी आपण आत शिरून एकेक बारकावा कानाशी धरावा.

उसनेपणाचाच मुद्दा घेऊ. 'वंडरवॉल' हे नाव नोएल गॅलाघरने बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या 'वंडरवॉल म्युझिक' या १९६८च्या अल्बमवरून घेतले. त्या अल्बमचा काही भाग त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित झाला होता. सनई, सरोद, संतूर यांच्या सुरांवर उमटलेले ते नाव मँचेस्टरच्या एका गीतकाराने सत्तावीस वर्षांनी उचलावे, हा योगायोग मुंबईच्या माणसाला सुखावणारा आहे. गाण्यातला चेलोसारखा सूरही खऱ्या चेलोचा नाही. तो बँडच्या पॉल आर्थर्सने मेलोट्रॉन या कीबोर्डवाद्यावर वाजवला आहे, आणि मेलोट्रॉनही बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'च्या काळातले वाद्य. म्हणजे उसनवारी आहे, उघड आहे, अभिमानाने केलेली आहे. पण ती सामग्री मांडली कशी आहे, हे ऐकावे. गिटार आणि गळा एवढ्यांनीच गाणे काही ओळी पुढे नेल्यानंतर ड्रम्स येतात, आणि त्यांच्या येण्याने तोवर तरंगत असलेल्या सुरावटीला एकदम जमीन लाभते. वर नोएलचा भाऊ, गायक लिअम याचा आवाज: किंचित अनुनासिक, खरखरीत, स्वर लांबवताना त्याला मुद्दाम तिरपा करणारा. शब्द हळवे आहेत, परंतु गाणारा लाड करून घेत नाही. मनातले सांगताना तो हनुवटी वर ठेवतो. हळवेपणा आणि ताठा यांचे हे मिश्रण मला बीटल्समध्ये कुठे सापडत नाही. १९९७चा 'बी हिअर नाऊ' ऐकताना हाच बँड थरांवर थर चढवत आपलीच सुरावट गुदमरवून टाकतो हे मान्य करावे लागते. नऊ मिनिटांहून लांबलेले 'ऑल अराउंड द वर्ल्ड' माझ्याच्याने आवडीने पुरे ऐकवत नाही. तरीही एका सैल अल्बममुळे आधीच्या दोन अल्बमांतला कस उणा होत नाही.

१९९५च्या १४ ऑगस्टची ती गाजलेली लढत मात्र आपण लवकर ओलांडावी. ब्लरचे 'कंट्री हाउस' आणि ओअ‍ॅसिसचे 'रोल विथ इट' एकाच दिवशी बाजारात आले. पहिल्याच्या २,७४,००० प्रती खपल्या, दुसऱ्याच्या २,१६,०००. दक्षिण विरुद्ध उत्तर, मध्यमवर्ग विरुद्ध कामगारवर्ग असे तिला रूप दिले गेले. दुर्दैव एवढेच की, त्या आखाड्यात उतरलेली दोन्ही गाणी त्या त्या बँडच्या उत्तम गाण्यांत मोडत नाहीत, आणि पुष्कळांच्या मनात लौकिकाचे मोजमाप त्यांच्यावरूनच ठरून बसले.

ब्लर ऐकायचा तर 'पार्कलाइफ' या १९९४च्या अल्बमच्या शेवटाकडे जावे. तिथे 'धिस इज अ लो' आहे. ब्रिटनभोवतालच्या सागराचे एकतीस विभाग पाडून त्यांतले वारे, पाऊस आणि दृश्यमानता सांगणारे एक बातमीपत्र बीबीसी रेडिओवरून वाचले जाते. रात्री पाऊण वाजण्याच्या सुमाराचे वाचन कित्येक ब्रिटिश माणसे, ज्यांचा नौकेशी काडीचा संबंध नाही, अंथरुणात पडून ऐकतात. डॉगर, टाइन, फोर्थ, क्रोमर्टी ही नावे एका संथ, निर्विकार आवाजात एकामागून एक येतात आणि घराच्या भिंती अधिक जाड झाल्यासारख्या वाटतात. डेमन अल्बर्नने या नावांचीच माळ ओवून किनाऱ्याभोवती फेरी घातली आहे. अल्बमभर इंग्रज जीवनाची टिंगल करणारा हा गीतकार इथे टिंगल खाली ठेवतो आणि शीर्षकातल्या 'लो'ला, म्हणजे कमी दाबाच्या पट्ट्यालाच, सोबतीला घेतो, हे पाहून मन भरून येते. मग ग्रॅहम कॉक्सनची गिटार उठते. एकावर एक रचलेली निरनिराळी वादने एकमेकांवर आदळतात, विस्कटतात, पुन्हा सांधली जातात; रेडिओवर शांतपणे उच्चारलेल्या त्या समुद्रांचे खवळलेले रूप आपल्याला प्रथमच ऐकू येते.

पण या साऱ्या वादात एकच गाणे साक्षीला उभे करायचे झाले, तर मी पल्पचे 'कॉमन पीपल' निवडेन. शेफील्डच्या जार्व्हिस कॉकरने हा बँड १९७८मध्ये, शाळकरी वयात काढला आणि लोकमान्यता मिळायला मे १९९५ उजाडला. सतरा वर्षांच्या त्या उपेक्षेचा ताप या गाण्यात आहे. चाल सुचली ती जुन्या बाजारातून घेतलेल्या एका लहानशा कॅसिओ कीबोर्डवर, आणि साधीच, तीन स्वरमेळांत मावणारी. सुरुवातीला जार्व्हिस जवळजवळ बोलतोच. लंडनच्या सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात शिल्पकला शिकणारी एक श्रीमंत ग्रीक मुलगी त्याला सांगते की तिला सामान्य माणसांसारखे जगून पाहायचे आहे. तो तिला सुपरमार्केटमध्ये नेतो आणि 'खिशात पैसे नाहीत असे समज' म्हणतो; ती हसते. इथवर सारे खेळकर, थोडे लाडिक. आता ठेक्याकडे लक्ष द्यावे: निक बँक्सच्या ड्रम्सची लय, आपल्याला कळू न देता, चढत असते. पहिल्या कडव्यातली चाल आणि शेवटच्या धृपदातली चाल लागोपाठ ऐकली की दोहोंतले अंतर जाणवते. त्या लयीबरोबर गळाही चढतो. कुजबुजीचे बोलणे होते, बोलण्याचे गाणे आणि गाण्याचा आक्रोश. कारण मधल्या काळात निवेदकाला उमगलेले असते की, त्या मुलीचे दारिद्र्य वडिलांना केलेल्या एका फोनसरशी संपू शकते, आणि ज्यांचे तसे संपत नाही त्यांचे जगणे तिला कधीच कळणार नाही. कीबोर्ड, गिटार, ड्रम्स सारे एकाच दिशेने धावत सुटतात. राग नाचरा होतो, आणि नाचणाऱ्याच्या ध्यानात येते की आपण अन्यायावर नाचत आहोत. दारिद्र्याचे कौतुक करणाऱ्या सुखवस्तू दृष्टीवर इतका नेमका प्रहार करणारे आणि तरीही देहाला थिरकायला लावणारे दुसरे लोकप्रिय गाणे मला ठाऊक नाही.

२४ जून १९९५ रोजी ग्लास्टनबरी महोत्सवात स्टोन रोझेसच्या गिटारवादकाला दुखापत झाल्यामुळे त्यांची जागा ऐन वेळी पल्पला मिळाली. बाजारात येऊन जेमतेम महिना झालेले हे गाणे तिथे अफाट जनसमुदायाने त्यांच्याबरोबर म्हटले. गर्दीच्या पुराव्याविषयी वर मी साशंकता दाखवली, पण त्या रात्रीची गर्दी मला वेगळी वाटते, कारण गाण्यातला 'आम्ही' कोण, हे तिला नेमके कळले होते.

सिंगलसाठी गाणे कापले गेले, तेव्हा सर्वांत जहाल कडवे गळाले: सामान्य माणूस कोपऱ्यात पडलेल्या जनावरासारखा अचानक चावूही शकतो, असा इशारा देणारे. ते कडवे नसले की लयीची चढण अर्ध्यातच माथ्याला पोहोचल्यासारखी वाटते आणि शेवटचा आक्रोश थोडा अकारण भासतो. म्हणून आपण 'डिफरंट क्लास' या अल्बममधले, जवळजवळ सहा मिनिटांचे, अखंड 'कॉमन पीपल' ऐकावे आणि मगच या बँडांच्या लौकिकाविषयी बोलायला बसावे.