रोझा वन : ठसठशीत अक्षराचे सामर्थ्य आणि मर्यादा

तुम्ही बेंगळुरूत शिकत आहात आणि महाविद्यालयातील गणेशोत्सवाचे पोस्टर तुमच्याकडे आले आहे, असे समजा. त्यावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन ओळी हव्यात. शीर्षकासाठी तुम्ही ‘रोझा वन’ हा फॉन्ट निवडता. ही निवड योग्य आहे का, हे आपण पाहू.

इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली हा फॉन्ट खुल्या परवान्याखाली उपलब्ध केला. त्यातील रोमन अक्षरे टिम डोनाल्डसन यांची, तर देवनागरी ज्योतिष सोनोवाल यांची आहे. जाड रेघ अतिशय जाड आणि बारीक रेघ अतिशय बारीक, हे त्याचे मुख्य लक्षण. त्याच्या रोमन अक्षरांचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जाहिरातींसाठी घडवलेल्या लठ्ठ सेरिफ अक्षरांत आहे. लांबून नजर खेचणे हेच त्या अक्षरांचे काम होते.

देवनागरीला सेरिफ नसतो. शिरोरेषा म्हणजे सेरिफ नव्हे. ती अक्षरांना शब्दात बांधते. म्हणून रोमनचे पाय देवनागरीला चिकटवण्याऐवजी दोन्ही लिप्यांचे वजन आणि जाड-बारीकपणा जुळवणे, हा या फॉन्टमधील शहाणा निर्णय आहे.

मात्र हे अक्षर मोठ्या आकारातच शोभते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक एका छोट्या गाठीवर किंवा वळणावर असतो. १० पॉइंटात बारीक रेघा पुसट होतात, पोकळ्या भरतात आणि वाचक अडखळतो. मजकुरासाठी ‘तीरो देवनागरी मराठी’ घ्या. मराठी वाचकाच्या सवयीची अक्षररूपे त्यात मुद्दाम दिलेली आहेत.

खरी अडचण पुढे आहे. रोझामध्ये कन्नड नाही. मग मराठी आणि इंग्रजी दिमाखात उभ्या राहतात आणि कन्नड ओळ संगणकातल्या कुठल्याही साध्या फॉन्टमध्ये कोपऱ्यात बसते. ज्या शहराची ती भाषा, तिथेच ती पाहुणी दिसते. हा दोष फॉन्टचा नाही, निवडणाऱ्याचा आहे. तीन लिप्यांना समान मान द्यायचा असेल, तर एक टाइपच्या ‘बलू’ कुटुंबाकडे वळा. त्यात कन्नडसाठी ‘बलू तम्मा’ आहे. रोझाचा डौल तिथे मिळणार नाही, पण तिन्ही ओळी एका घरातल्या वाटतील.

सारांश : रोझा वन देवनागरी-रोमन शीर्षकासाठी उत्तम, मजकुरासाठी अयोग्य आणि त्रिभाषिक पोस्टरसाठी अपुरा आहे.

स्वाध्याय : ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द रोझामध्ये १२ आणि ७२ पॉइंटात छापा. कागद हातभर अंतरावर धरा. समुद्र कोणता आणि डोंगरातली दरी कोणती, हे कोणत्या आकारात चटकन कळते ते लिहा.