स्वहस्तनिर्मित विमानांचें वाङ्मय

एखाद्या समाजाचें वाङ्मय तपासावयाचें झालें म्हणजे आपण बहुधा त्याच्या काव्याकडे, नाटकांकडे आणि कादंबऱ्यांकडे वळतों. हातांनीं वस्तु घडविणाऱ्या माणसांच्या वह्या, पत्रें आणि कृतिपुस्तकें यांना टीकाकाराच्या दरबारीं आसन मिळत नाहीं. परंतु ज्या लेखनावर विश्वासून एखादा तरुण घराच्या गच्चीवर विमान बांधतो आणि मग त्यांत बसून जमीन सोडतो, त्या लेखनाइतकी कठोर परीक्षा दुसऱ्या कोणत्या लेखनाची होत असेल? कादंबरींत खोटें पात्र उतरलें तर वाचक कंटाळतो. येथें खोटें वाक्य उतरलें तर वाचकाचा प्राण जातो. म्हणून स्वहस्तें केलेल्या लहान विमानांच्या वाङ्मयाचा विचार करण्याचें प्रस्तुत लेखकानें योजिलें आहे. या वाङ्मयाची कसोटी त्याच्या मतें एकच आहे: काय चुकलें, काय बदललें, आणि बदलल्यावर काय घडलें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें त्यांत सांपडतात काय?

ही कसोटी लावण्याचें कारण विमानाच्या स्वभावांतच आहे. घरीं केलेलें विमान पहिल्या उड्डाणाच्या दिवशीं पूर्ण होत नाहीं. त्या दिवशीं त्याच्या सुधारणेस आरंभ होतो. कर्त्याला वाटतें, इंजिन थोडें अधिक शक्तीचें असावें. अधिक शक्तीचें इंजिन बहुधा अधिक जड असतें. तें नाकाशीं बसविलें कीं विमानाचा गुरुत्वमध्य पुढें सरकतो, आणि मग उतरतांना नाक वर उचलण्यास शेपटीचें बळ अपुरें पडतें. तें टाळण्यासाठीं शेपटीकडे वजन टाकावें, तर एकूण भार वाढतो. भार वाढला कीं जमिनीवर उतरण्याचा वेगही वाढतो. गुरुत्वमध्य फार मागें गेला तर त्याहून वाईट. गिरकींत सांपडलेलें विमान तिच्यांतून बाहेर येईनासें होतें. नव्या इंजिनानें वेग वाढला, तर जुन्या वेगासाठीं आंखलेले पंख आणि शेपटीचे पृष्ठभाग फडफडून तुटण्याचें भय निराळेंच. घराची एक खिडकी बदलली म्हणून पाया हलत नाहीं. विमानांत एक वस्तु बदलली कीं बाकीच्या सर्वांना नव्यानें उत्तर द्यावें लागतें. ज्या पुस्तकांत हें उत्तर नाहीं, तें कितीही रसाळ असलें तरी अपुरें होय.

असे बदल शिस्तीनें केले तर त्यांतून काय उभें राहतें, याचें एक उदाहरण अमेरिकेंत आहे. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन या तरुण इंजिनिअरानें दुसऱ्याच्या नकाशावरून झालेलें 'प्लेबॉय' नांवाचें एक लहान विमान घेतलें. प्रथम त्यानें त्याचें इंजिन बदलून १२५ अश्वशक्तीचें बसविलें. वेग वाढला, पण उतरण्यास लांब जागा लागूं लागली. तेव्हां १९६५ सालीं त्यानें लांकूड-कापडाचे, टेकूंनीं धरलेले जुने पंख काढले आणि त्यांच्या जागीं ॲल्युमिनियमचे, टेकूवांचून उभे राहणारे, मागील कडेला खालीं वळणाऱ्या झडपा असलेले नवे पंख जोडले. पहिल्या बदलानें निर्माण केलेल्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या बदलानें दिलें. या अभ्यासांतून त्याचें पहिलें सर्वस्वीं स्वतंत्र विमान १९७१ सालीं उडालें, आणि त्याच घराण्याचीं दहा हजारांहून अधिक विमानें पुढें लोकांनीं स्वतःच्या हातांनीं बांधून उडविलीं.

आतां लेखनाकडे वळूं. या वाङ्मयाचा आद्य आणि अजूनही श्रेष्ठ ग्रंथ म्हणजे राइट बंधूंच्या वह्या व पत्रें होत. तीं १९५३ सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झालीं. त्यांत अलंकार नाहींत. १९०१ च्या उन्हाळ्यांत त्यांच्या तरंग-विमानाला अपेक्षेपेक्षां पुष्कळच कमी उचल मिळाली. तेव्हां प्रचलित कोष्टकांविषयीं शंका घेऊन त्यांनीं लांकडी पेटीचा एक वातबोगदा केला, करवतीच्या पात्यांचा व सायकलच्या तारांचा तराजू बनविला, आणि सुमारें दोनशें लहान पंखांच्या आकारांची मोजणी केली. १९०२ च्या तरंग-विमानास मागें दोन स्थिर उभे पडदे होते. विमान कलतें झालें असतां तेच त्याला खालच्या बाजूला ओढीत. म्हणून त्यांनीं दोहोंच्या जागीं एकच फिरतें सुकाणू बसविलें. १९०३ च्या डिसेंबरांतील बारा सेकंदांचें उड्डाण जगाला पाठ आहे; पण त्यानंतरच्या दोन वर्षांची कहाणी अधिक बोधप्रद आहे. १९०५ च्या जुलैंतील अपघातानंतर त्यांनीं पुढचें उंचीचें सुकाणू बरेंच मोठें केलें व आणखी पुढें नेलें. त्याच मोसमांत मागील सुकाणूची दोरी पंखांच्या दोरीपासून स्वतंत्र केली. त्या वर्षीं ५ ऑक्टोबर रोजीं तेंच विमान सुमारें ३९ मिनिटें हवेंत राहून २४ मैल फिरलें. या लेखनांत वीररस शोधणाऱ्याची निराशा होईल. पण आपलें मत वस्तुस्थितीनें खोडून काढलें असतां मनुष्यानें कसें वागावें, याचें इतकें सुंदर चित्र प्रस्तुत लेखकाच्या वाचनांत फार थोड्या ग्रंथांत आलें आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला हेन्री मिन्ये या फ्रेंच गृहस्थाचें 'ल स्पोर द लेर' हें पुस्तक ठेवतां येईल. तें १९३४ सालीं निघालें. पुढच्याच वर्षीं त्याचें इंग्रजी भाषांतर झालें, आणि त्यांतील 'आकाशांतील पिसू' नांवाचें चिमुकलें विमान फ्रान्स-इंग्लंडांतील शेंकडों घरांत बांधलें जाऊं लागलें. मिन्येची शैली विलक्षण आहे. तो वाचकाच्या खांद्यावर हात ठेवून बोलतो; तज्ज्ञांची थट्टा करतो; ज्याला खोका ठोकतां येतो त्याला आकाश बंद नाहीं, असा धीर देतो. विद्वत्तेच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या सामान्य माणसाला त्यानें जो मान दिला, तो वाङ्मयाच्या इतिहासांत नोंदवून ठेवण्याजोगा आहे. परंतु या विमानाचा पुढचा पंख हलता असून मागील पंख त्याच्या अगदीं निकट होता. विमानाचें नाक कांहीं मर्यादेपलीकडे खालीं गेलें कीं दोन्ही पंखांमधील प्रवाह असा कांहीं बिघडे कीं चालकानें दांडा कितीही ओढला तरी नाक वर येत नसे. १९३५ व १९३६ या वर्षांत अनेक माणसें मेलीं. तेव्हां इंग्लंडांत व फ्रान्सांत पूर्ण आकाराचीं विमानें वातबोगद्यांत ठेवून हा दोष निश्चित करण्यांत आला. मिन्येनें नंतर रचनेंत सुधारणा केल्या, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. पण टीकाकाराला प्रश्न पडतो तो असा: दोष केवळ पंखांचा होता, कीं शैलीचाही? ज्या गद्यांत शंकेला जागाच ठेवलेली नाहीं, तें गद्य वाचकालाही शंका घेऊं देत नाहीं. मिन्येचें पुस्तक उत्साह देतें. पण कोठें थांबावें, हें शिकवीत नाहीं.

कोणी म्हणेल, हीं सारीं परदेशचीं उदाहरणें. त्यांचा आपल्याशीं संबंध काय? सोलापूरच्या वाचकानें तरी असें म्हणूं नये. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं याच शहरांत झाला. त्यांनीं डिसेंबर १९४० मध्यें म्हैसूर संस्थानच्या सहकार्यानें बंगळूर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभारली, आणि पुढील ऑगस्टांत तिच्या कारखान्यांत जोडलेलें हार्लो जातीचें शिकाऊ विमान उडालें. या विमानाचें कुळ पाहण्यासारखें आहे. मॅक्स हार्लो हे कॅलिफोर्नियांतील पॅसाडेना येथील एका ज्युनिअर कॉलेजांत विमानविद्येचे शिक्षक होते. त्यांनीं वर्गाचें काम म्हणून विद्यार्थ्यांच्या हातून एक लहान धातूचें विमान तयार करविलें. तें १९३७ सालीं उडालें. पण मान्यतेसाठीं गिरक्यांची चाचणी चालली असतां तें पडून नष्ट झालें. त्याचा सुधारलेला दुसरा नमुना निघाला, आणि त्याच वंशांतील शिकाऊ विमान बंगळुरास पोंचलें. पुढें त्याच कारखान्यांत डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या देखरेखीखालीं आंखलेलें 'एच. टी. २' हें विमान १९५१ सालीं उडालें. वालचंदांचें नांव घेतांना आपण कारखान्याच्या स्थापनेची तारीख सांगतों. पण त्या पहिल्या विमानामागें एका महाविद्यालयाचा वर्ग, एक अपघात आणि एक दुरुस्ती उभी आहे, ही गोष्ट क्वचितच सांगतों. आमच्या शहरांत विमानाविषयीं पुष्कळ बोललें गेलें आहे. २०२३ च्या जूनमध्यें साखर कारखान्याची चिमणी पडली, २०२५ च्या जूनपासून गोव्याकडे विमानें जाऊं लागलीं, आणि या दोन्ही प्रसंगीं घरोघर चर्चा झाली. पण ती सारी चर्चा प्रवाशाची होती. कर्त्याची भाषा तींत नव्हती.

ही उणीव आपण कशानें भरून काढली, तें पाहिलें म्हणजे खेद होतो. 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ पुष्कळांच्या अभिमानाचा विषय आहे. पंडित सुब्बराय शास्त्री यांनीं तो १९१८ ते १९२३ च्या दरम्यान तोंडीं सांगितला, आणि १९७३ सालीं जी. आर. जोस्यर यांनीं तो इंग्रजी भाषांतरासह छापला. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं त्याची छाननी केली. ग्रंथ विसाव्या शतकापूर्वींचा नाहीं व त्यांत वर्णिलेलीं विमानें उडूं शकणार नाहींत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो त्या शास्त्राच्या अधिकाऱ्यांचा. पण केवळ वाङ्मयाच्या दृष्टीनें वाचणाऱ्यालाही एक गोष्ट खटकल्यावांचून राहत नाहीं: या ग्रंथांत कोठेंही कांहीं चुकत नाहीं. एकही पंख मोडत नाहीं, एकही नळी फुटत नाहीं, एकही माप मागाहून बदलत नाहीं. हातांत हत्यार धरणाऱ्याचें लेखन इतकें निष्कलंक कधींच नसतें.

शिवकर बापूजी तळपदे यांची कथाही याच जातीची करून टाकण्यांत आली आहे. १८९५ सालीं मुंबईच्या चौपाटीवर त्यांचें 'मरुत्सखा' उडालें, असें सांगतात. २०१५ सालीं 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपटही त्यावर निघाला. त्या उड्डाणाला विश्वसनीय असा समकालीन पुरावा नाहीं. परतंत्र देशाला अशा कथांनीं धीर दिला, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद प्रस्तुत लेखक हलका मानीत नाहीं. दास्यांत पडलेल्या माणसाला आपल्या हातांवर विश्वास हवा असतो. पण विचार करावा: तळपद्यांनीं खरोखर कांहीं बांधलें असेल, तर त्यांत किती फसलें, काय बदललें, पैसा कोठें संपला, हें विचारणारा एकही लेखक त्यांना लाभला नाहीं. आपण त्यांना पहिल्या वैमानिकांच्या मालिकेंत बसविलें आणि त्यांची कारागिरी मात्र कायमची गमावली. गौरवानें माणूस मोठा होतो असें नाहीं; कित्येकदां तो गौरवाखालीं गाडला जातो.

आणि हें पुन्हां घडूं नये म्हणूनच आजच्या एका उदाहरणाकडे लक्ष वेधावयाचें आहे. वैमानिक अमोल यादव यांनीं मुंबईंत कांदिवलीच्या चारकोप भागांत राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा माणसांचें विमान बांधलें. तें त्यांचें तिसरें. २०१६ च्या फेब्रुवारींत तें मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंदणी झाली, २०१९ सालीं उड्डाणाची परवानगी मिळाली, आणि २०२० सालीं धुळें येथील धावपट्टीवर त्याची चाचणी झाली. या प्रयत्नाची थोरवी सांगण्यास विशेषणांची गरज नाहीं. आपल्या वृत्तपत्रांनीं तीं भरपूर वापरलीं. परंतु त्या बातम्यांतून आपल्याला मुख्यतः गच्ची समजली आणि परवान्याची प्रतीक्षा समजली. विमान समजलें नाहीं. पहिल्या दोन प्रयत्नांनीं तिसऱ्याला काय शिकविलें? गच्चीवर जुळलेला सांगाडा धावपट्टीवर येईपर्यंत त्यांत काय फिरविलें गेलें? वजनाचा मेळ कसा घातला? पुढच्या मुलाला या उत्तरांची गरज आहे, आणि तीं मराठींत नाहींत.

तीं मराठींत लिहितां येतील काय, अशी शंका कोणी काढील. प्रस्तुत लेखकाला ती मान्य नाहीं. संस्कृतांतून नवे शब्द पाडण्याचा उद्योग आम्हां प्राध्यापकांना प्रिय आहे खरा. पण ज्या शहरांत गिरण्यांच्या फिटरांनीं आणि मागाच्या मिस्त्र्यांनीं आयुष्यें घालविलीं, तेथें नट, बोल्ट, पाना, वायसर, बुश, बेअरिंग, लेथ हे शब्द केव्हांच मराठी होऊन बसले आहेत. त्यांना घेऊन साधीं, मोजमापाचीं वाक्यें लिहावयाचीं आहेत. कठीण आहे तें शब्द शोधणें नव्हे. 'हें मी असें केलें होतें, तें फसलें, म्हणून तें असें बदललें' हें वाक्य न लाजतां छापणें कठीण आहे. आपल्या सुशिक्षित घरांत मुलाला पहिल्या प्रयत्नांत यश आलें तर पेढे वाटतात. तिसऱ्या दुरुस्तीचें कौतुक कोणी करीत नाहीं. तें जोंवर होत नाहीं, तोंवर आपलीं विमानें कथांतून उडतील आणि गच्चीवरचा कर्ता एकटाच राहील. मराठी नियतकालिकांनीं अशा कर्त्यांकडून यशाची मुलाखत न मागतां त्यांची दुरुस्तीची वही मागावी, आणि ती आली तर कवितेच्या शेजारीं मानानें छापावी.